पिदादीचा कोनाडा

उतार लागला की कैतान रिक्षाचं इंजिन बंद करायचा. मालवणहून मसुऱ्याकडे जाताना आमच्या वाटेवर असे दोन-तीन उतार आहेत. घरघर एकदम थांबायची, रिक्षा नुसतीच घरंगळत राहायची आणि मागे बसलेल्या बायकांच्या बांगड्यांचा आवाजसुद्धा ऐकू यायला लागायचा. पहिल्यांदा हे झालं तेव्हा गाडी बिघडली असं वाटून मी ओरडलेच. त्याने मागे वळूनही पाहिलं नाही. "भियू नका, बाई. देवान उतार फुकट दिल्यान. तेच्यात पेट्रोल कित्या घालूचा?"

"आणि ब्रेक लागेल ना?"

"लागात," तो म्हणाला. त्या एका 'लागात'वर विश्वास ठेवून मी पुढे कित्येक वर्षं प्रवास केला.

मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका. शाळा मसुऱ्याच्या अलीकडच्या एका वाडीत आणि बिऱ्हाड मालवणात. एसटीच्या वेळेचं आणि शाळेच्या घंटेचं कधी जमलं नाही, म्हणून आम्ही चार-पाच जणींनी जायला-यायला कैतानची रिक्षा ठरवून टाकली होती. तो आमच्याच आळीच्या टोकाला दोन खोल्यांच्या घरात राहायचा. ख्रिश्चन माणूस, आजा कधीतरी गोव्यातून इकडे आलेला. वय साठीच्या पुढे, अंगाने उंच, आणि शर्ट असा ढगळ की दुसऱ्या कोणाचा मागून आणलाय असं वाटावं. शर्ट त्याचाच होता, जुना, तो बरा असतानाचा. रिक्षा स्टँडवर त्याला 'चिंगूस' म्हणत. पाठीमागे म्हणत आणि तोंडावरही म्हणत.

मला या नावाचा राग यायचा, कारण आधीचा कैतान मी पाहिलेला होता. स्टँडवरचा सकाळचा पहिला चहा सगळ्यांना त्याच्यातर्फे. सीझनमध्ये पर्यटक आले की दुपारी त्याचा खिसा फुगलेला असायचा आणि दिवेलागणीला सपाट. सुरमई घ्यायची ती बाजार उघडता उघडता, मासेवाली सांगेल त्या भावात. घासाघीस करणं त्याला कमीपणाचं वाटे. आंगणेवाडीच्या जत्रेला आळीतल्या बायकांना तो फुकट घेऊन जायचा आणि येताना प्रत्येकीच्या मांडीवर खाज्याचा पुडा ठेवायचा. आम्ही सगळ्या "अहो, कशाला" म्हणायचो आणि पुडा घ्यायचो.

त्याची बायको पिदाद म्हणजे दुसरं टोक. ठेंगणी, काळीसावळी, सदा घाईत. साड्यांना फॉल लावून द्यायची. मासे आणायला जायची ती ऊन डोक्यावर आल्यावर, भाव पडल्यावर. साबणाची नवी वडी दोऱ्याने कापून निम्मी कपाटात. चहाची पूड एकदा उकळून फेकायची नाही. टूथपेस्ट संपली की ट्यूब कात्रीने उभी चिरायची आणि आणखी चार सकाळी काढायची. एकदा साडी द्यायला माझ्याकडे आली. मी वह्या तपासत होते. बोलता बोलता तिने खोलीतल्या दोन दिव्यांपैकी एक बंद केला. दुसऱ्याच्या घरात! वर मलाच म्हणते, "बाई, वही एक आनी दिवे दोन कित्याक?"

मी हसले तेव्हा ती जरा गंभीर झाली. "मोठो खर्च दार वाजवून येता, बाई. तेका माणूस इचारता तरी, कोण रे तू म्हणान. बारको खर्च मागल्या दारान जाता. तेका कोण बघणा नाय."

कैतानला हे सगळं विनोदी वाटायचं. "आमच्या पिदादीक देव भेटलो तरी ती तेका सांगतली, एकच हात हलय, दुसरो रवांदे," असं म्हणून तो स्टँडवर हशा मिळवायचा. त्यांना मूलबाळ नव्हतं. तो उधळायचा, ती वेचायची, आणि दोघांचं त्यात बरं चाललेलं होतं.

पण पिदाद वेचता वेचता स्वतःच्या दुखण्यातूनही वेचायला गेली. पोटात दुखायचं ते तिने कोणाला सांगितलं नाही. कैतानच्या लक्षात आलं तेव्हा म्हणाली, "सीझन संपांदे, मगे बघू." सीझन संपला, पाऊस लागला, रिक्षाला गिऱ्हाईक नाही म्हणून ते पुन्हा पुढे गेलं. शेवटी गोव्याला नेलं तेव्हा डॉक्टरांनी कैतानला बाजूला बोलावून घेतलं. तिने इतक्या वर्षांत जे काही साठवलं होतं ते तिथे काही आठवड्यांत संपलं, आणि मग तीही संपली.

जायच्या आधी तिने त्याच्याकडे एकच गोष्ट मागितली. ती समजायला त्यांच्याकडची एक रीत माहीत हवी. त्यांचं दफनस्थान लहान, त्याला ते सिमितेर म्हणतात, आणि तिथे जागा कायमची मिळत नाही. काही वर्षं झाली की पाळीपाळीने थडगं उघडतात आणि आतली हाडं एका खोल कोरड्या विहिरीत टाकतात. तिला नुसतं 'बाव' म्हणतात. सगळ्यांची हाडं तिथे एकत्र. अलीकडे मात्र कुंपणाच्या भिंतीत कोनाडे बांधले होते. पैसे भरले की एक कोनाडा कुटुंबाचा, त्यात हाडं ठेवायची, पुढे फरशी, फरशीवर नाव.

"माका बावीत टाकू नको हां," पिदाद म्हणाली होती. "माका गर्दी सोसणा नाय."

कैतानने हे मला रिक्षातच सांगितलं, बाकीच्या जणी उतरून गेल्यावर. त्याची स्वतःची आई त्या विहिरीतच गेली होती. "तेवा माका कायेक वाटूक नाय, बाई. आता वाटता. खंयचा हाड माझ्या आवशीचा, तां देवाक तरी ठावक आसा काय?" कोनाड्याचे पैसे किती हे विचारून आला त्या दिवशी तो घराच्या पायरीवर बराच वेळ बसून होता. पिदादीची पाळी यायला काही वर्षं होती. तेवढ्यात जमले तर ती कोनाड्यात, नाहीतर बावीत. आणि घरात साठवणारी होती ती तर गेलेली.

अशी त्या उधळ्या माणसाने काटकसर शिकायला सुरुवात केली. गुरू गेल्यावर विद्या शिकायची म्हणजे अवघडच. साबण दोऱ्याने कापताना दोरा आतच अडकला आणि कित्येक दिवस त्याच्या हनुवटीला फेसाबरोबर दोरा चिकटलेला असायचा. दुसऱ्यांदा उकळलेल्या पुडीचा चहा त्याने एक दिवस मला पाजला. "ह्यो चाय काय डोळ्यांचा औषध, ताच कळणा नाय," असं स्वतःच म्हणाला आणि प्यायला. रोजचा संध्याकाळचा पेला आधी एक दिवसाआड झाला, मग फक्त सणाला. विडी सुटली. उताराला इंजिन बंद करणं मात्र त्याची स्वतःची भर होती, आणि त्याचा त्याला अभिमान होता. "ह्यां पिदादीक सुचूक नाय असता," तो म्हणायचा.

एका शनिवारी शाळा लवकर सुटली आणि घरी जाताना तो मासे बाजारापाशी थांबला. ऊन चांगलंच वर आलेलं. त्याची नेहमीची मासेवाली त्याला बघून कमरेवर हात ठेवून उभी राहिली.

"कैतान, तू आनी ह्या येळाक? सकाळची सुरमय काय रुसली?"

"तारले दी."

"तारले? घरात मांजर पाळलंस की काय?"

"माका व्हये."

शेजारच्या दोघी हसल्या. मासेवाली मात्र हसायची थांबली. वाटा पिशवीत टाकून झाल्यावर तिने वर आणखी दोन तारले टाकले. पूर्वीचा कैतान ते उचलून तिच्या पाटीत परत टाकायचा आणि वर तिलाच चहाला पैसे द्यायचा. आता तो पिशवीचं तोंड उघडं धरून उभा राहिला, आणखी पडतात का म्हणून. मी दुसरीकडे बघितलं.

चहा सुटला तसा स्टँड सुटला. तो रिक्षा थोडी लांब, वडाखाली लावायला लागला. मला वाटायचं मित्रांनी त्याला टाकलं. पण त्यातला एक गणपत, जुना रिक्षावाला, एकदा कळवळून बोलला. "त्येना चाय नाय पाजल्यान तर चलात, बाई. पण आमी दिलेलो पण पियाणा नाय. म्हणता, पियालंय तर परत देवचो लागात." एवढं सोपं गणित होतं. पण त्या गणितात माणसाची सगळी दोस्ती वजा झाली.

सगळ्यात वाईट प्रसंग म्हातारीचा. सुकी मासळी विकणारी जनी नावाची एक म्हातारी आमच्या वाटेवर चढायची. तिच्याकडून कैतानने कधी पैसे घेतलेच नव्हते, तिच्या पाटीचेही नाहीत. एका सकाळी ती उतरायला लागली तेव्हा त्याने तिच्यापुढे हात केला. म्हातारीला वाटलं, उतरायला आधार देतोय. तिने तो हात घट्ट धरला, सावकाश खाली उतरली, "देव बरां करो तुजा" म्हणाली आणि चालू लागली. कैतान हात तसाच धरून बसलेला. दुसऱ्या दिवशी त्याने तोंडाने मागितले. तिने एकदा त्याच्याकडे पाहिलं, पदराची गाठ सोडली आणि दिले. तिसऱ्या दिवसापासून ती एसटीची वाट बघत उभी असायची, आणि आमची रिक्षा तिच्यासमोरून जायची.

मी त्याला सोडलं नाही. मास्तरणीचीच जीभ माझी. "कैतानमामा, त्या म्हातारीच्या पैशांनी तुमचा कोनाडा होणार आहे का?"

त्याने रिक्षाचा वेग कमी केला. "माका लाज नाय, असा समजू नका, बाई. पण आज हिका सोडलंय, उद्या आनी कोणाक सोडतलंय. माझो हात आधीच उघडो. एकदा सुटलो की परत मिटूचो नाय." मग म्हणाला, "पिदादीक पुरलंय. आता पैसो पुरात काय, तां बघूचा."

आपल्या भाषेत हा शब्द मोठा विचित्र आहे. पुरणं म्हणजे भागणं आणि पुरणं म्हणजे मातीत ठेवणं. मुलांना शिकवताना मी तो कितीदा फळ्यावर लिहिला असेल, पण तो असा अंगावर कधी आला नव्हता.

मग एक दिवस उतारावर, इंजिन बंद असताना, रिक्षा रस्त्याच्या कडेकडेला जायला लागली. आम्ही ओरडलो. ब्रेक लागला, रिक्षा गवतात थांबली. कैतान हँडलवर डोकं टेकून बसला होता, मान घामाने भिजलेली. पाणी द्यायला मी पुढे गेले तर त्याच्या खिशातून गोळ्यांची पट्टी अर्धी बाहेर आलेली. ब्लडप्रेशरच्या गोळ्या. शेजारी कागदाच्या पुडीत अर्धे अर्धे तुकडे.

"अर्धी घेता तुम्ही?"

"अर्धेन भागता."

"ही काय साबणाची वडी आहे?" माझा आवाज चढला तो चढलाच. "पिदादमामींनी दुसरं काय केलं होतं? असंच ना?"

त्याने पट्टी खिशात ढकलली. शाळेपर्यंत इंजिन चालू ठेवून हळूहळू नेलं. मी उतरल्यावर म्हणाला, "तिना माका सांगूक नाय, बाई. मी तुमका सांगलंय. इतकोच फरक." मला त्याच्या अंगावर खेकसल्याचं वाईट वाटलं नाही. तो पिदादीच्याच वाटेने चाललाय या विचाराने मात्र त्या दिवशी मला शिकवणं सुचेना. पुढे मी रोज विचारायचे, "अख्खी घेतली का?" आणि तो रोज हो म्हणायचा. खरं खोटं त्यालाच माहीत.

एवढं करून पैसे जमले. पिदादीची पाळी यायच्या आधी जमले. त्या दिवशी शाळेतून येताना तो मला थेट सिमितेरीत घेऊन गेला. भिंतीतली सगळ्यात वरची रांग, हात पोचत नाही म्हणून थोडी स्वस्त. "माझो पोचता," तो म्हणाला. त्याने हात कोपरापर्यंत आत घातला आणि आतून चारी बाजू चाचपून पाहिल्या, घर बघायला आलेला माणूस भिंती बघतो तशा. "हय ऊन लागाचा नाय," म्हणाला. "शेजारी पण बरे आसत." पिदाद गेल्यापासून मी त्याला तेव्हा एकदाच खुशीत पाहिलं.

थडगं उघडायच्या दिवशी त्याने मला बोलावलं. त्याच्याकडचं दुसरं कोणी नव्हतं. भाचा होता तो जहाजावर. मी फाटकाशी उभी राहिले. कैतानने पांढरी कोरी सुती चादर आणली होती, धुऊन, इस्त्री करून. खड्डा खणणारा माणूस आत उतरला. माती वर येत राहिली. मग फावड्याचा आवाज थांबला. तो वर आला, फादरशी हळू आवाजात बोलला, आणि मग कैतानच्या खांद्यावर हात ठेवला. "कैतानदादा, अजून झालां नाय. बंद करूया."

काय झालं ते मला मागाहून कळलं. पुरताना अंगावर सुती कपडे घाला, असं तिथे सगळ्यांना सांगतात. नायलॉन-पॉलिस्टर मातीत जात नाही, आणि त्याच्या आतलं माणूसही लवकर जात नाही. पण पिदाद गेली त्या दिवशी कैतानने कोणाचं ऐकलं नव्हतं. जन्मभर सुती नेसली, शेवटाला तरी चांगली नेसू दे, म्हणून बाजारातून सगळ्यात महागाची, चमकणारी पॉलिस्टरची साडी आणून तीच तिला नेसवायला लावली होती. त्या उधळ्या माणसाचा तो शेवटचा मोठा खर्च. ती साडी खाली जशीच्या तशी होती.

माती परत लोटली. आणखी काही वर्षं थांबा, फादर म्हणाले, तोवर कोनाडा तुमचाच आहे. कैतानने चादर तिच्या घड्यांवरच परत घडी केली. रिक्षात बसल्यावर तो म्हणाला, "साडयेचो रंग पण जावक नाय, बाई. मोरपंखी. दुकानदारान तेवा सांगल्यान होता, कायेक जावचा नाय, टिकात. खरां सांगल्यान तेना." मला रडू आलं. त्याला नाही आलं.

मला वाटलं होतं, आता तरी हा माणूस सुटेल. पैसे भरून झालेत, वाट बघायची तेवढी राहिली, मग निदान स्टँडवर जाऊन चहा प्यावा. पण तो वडाखालीच रिक्षा लावत राहिला. एकदा मी म्हटलं तर हसला. "आता सवय झाली, बाई. आनी आता तो चाय गोड लागाचो नाय." त्याची काळजी आता निराळी होती. तिला काढायची वेळ येईल तेव्हा आपण असू की नसू? खड्डे खणणाऱ्या माणसाला त्याने बजावून ठेवलं होतं, वरच्या रांगेतला, कोपऱ्याकडून दुसरा. तो बिचारा दर वेळी हो म्हणायचा.

त्या उन्हाळ्यात माझी बदली तळेऱ्याकडे झाली. सामान बांधायला जुन्या चादरी हव्यात म्हणून घरात शोधल्या, पुरल्या नाहीत, तेव्हा बाजारात कापडाच्या दुकानात गेले. कैतान तिथे गल्ल्यापाशी उभा होता. समोर पांढऱ्या कापडाचे दोन तागे उलगडलेले. दुकानदार मध्यमवयीन, तोंडओळखीचा, अजिजीने समजावत होता.

"कैतानमामा, ह्यां टेरिकॉट घेवा. शर्ट-पँट दोनय होतली. धुवून धुवून फाटाचा नाय, वर्षां काढशात."

"सुती खंयचा? भेसळ नाय ना हेच्यात?"

"भेसळ नाय. पण सुती टिकणा नाय, मामा."

कैतानने सुती कापड दोन बोटांत चुरगाळलं, उजेडात धरून आरपार पाहिलं. मग मी दिसले तसा जरा ओशाळला. "बाई, इलात? माझ्यासाठी घेतंय. मगेचा." मगेचा म्हणजे पुरतानाचा. तोच सांगायला लागला, दुकानदाराला ऐकू जाईल अशा आवाजात, भाडं ठरवल्यासारखं. "पिदादीक काढतले तवसर माझा पण झालां, तर फरशी एकदाच उघडूची, सिमिट एकदाच. मी मागे रवलंय तर तिका कोनाड्यात एकटी बसान माझी वाट बघूची लागात. आधीच किती थांबली ती." त्याने टेरिकॉटचा तागा हाताने दूर सारला. "माका टिकणारा नको, रे. बेगीन जाणारा दी."

दुकानदाराचा हात तसाच राहिला. त्याने माझ्याकडे पाहिलं, मी जमिनीकडे. मग त्याने गज उचलला, सुती कापड मोजलं आणि हळूच भाव सांगितला.

"इतको?" कैतान म्हणाला. "टिकणा नाय म्हणतस ना? मगे कमी कर."